रुंद टायरचा मोह

पिकअप घेतलेला माणूस गाडीत पहिला बदल करतो तो बहुधा टायरचा. २०१६ साली इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ साली टोयोटाची हायलक्स भारतात आली, तेव्हापासून पिकअप ही केवळ माल वाहायची गाडी राहिली नाही. आठवडाभर शेतावर, शनिवार-रविवारी घाटात आणि वर्षातून एकदा लांबच्या सफरीवर, अशा तिन्ही कामांना एकच गाडी हवी असणाऱ्यांची ती गाडी झाली. या मंडळींच्या टायरच्या चर्चेत दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. कंपनीने दिलेले हायवे टायर काढून ऑल-टेरेन टायर टाकावेत का, हा पहिला. टाकायचेच आहेत तर मग जरा रुंद का टाकू नयेत, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर एकदा 'टाकावेत' असे ठरले की दुसऱ्याचेही तेच उत्तर गृहीत धरले जाते, आणि तिथेच घोटाळा होतो. ऑल-टेरेन टायर आपल्याकडच्या पिकअपला बहुतेक वेळा योग्य असतो, असे माझे मत आहे. रुंद टायर मात्र महाराष्ट्राच्या मातीवर आणि महाराष्ट्राच्या पावसात बहुतेक वेळा अयोग्य असतो. त्यातून जो फायदा झाला असे वाटते, तो बऱ्याचदा उंचीने किंवा हवेच्या दाबाने दिलेला असतो आणि श्रेय रुंदीच्या खात्यावर जमा होते.

हे श्रेय चुकीच्या खात्यावर का जाते, ते टायरच्या मापातच दडलेले आहे. हायलक्सच्या एका प्रकाराला २६५/६५ आर १७ टायर येतो. यातले २६५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आणि १७ हा रिमचा इंचांतला व्यास. हिशेब मांडला तर टायरची एकूण उंची ७७६ मिलिमीटर भरते. त्याच्या जागी हौशी लोकांना आवडणारा २८५/७० आर १७ बसवला, तर रुंदी वाढते २० मिलिमीटरने, पण उंची होते ८३१ मिलिमीटर, म्हणजे तब्बल ५५ने जास्त. भिंतीची उंची रुंदीच्या टक्केवारीत मोजली जात असल्याने रुंदीचा आकडा वाढला की उंचीही मागोमाग वाढते. मग दगडगोट्यांच्या वाटेवर गाडी खरोखरच सुधारलेली जाणवते. डिफरन्शियलच्या खाली २७ मिलिमीटर जादा जागा मिळालेली असते, मोठ्या व्यासाचे चाक दगडाच्या कडेवर सहज चढते, उंच भिंत खड्ड्याचा मार रिमपर्यंत जाऊ देत नाही. हे सगळे काम उंचीचे आहे. ते रुंदीशिवायही मिळते: २८५/६५ आर १७ टायरची उंची ८०२ मिलिमीटर, तर त्याहून ३० मिलिमीटर अरुंद असलेल्या २५५/७५ आर १७ची ८१४. जीपच्या रँग्लर रुबिकॉनला, म्हणजे खास खडकाळ वाटांसाठी बांधलेल्या गाडीला, कंपनीने वर्षानुवर्षे हाच अरुंद आणि उंच २५५/७५ आर १७ टायर दिला, ही गोष्ट रुंदीच्या चाहत्यांनी जरूर लक्षात घ्यावी.

रुंदीच्या बाजूने पहिला युक्तिवाद असतो तो पकडीचा. टायर रुंद, म्हणजे जमिनीला जास्त रबर लागणार, म्हणजे पकड जास्त. हे इतके उघड वाटते की कोणी तपासून पाहत नाही. तपासणे मात्र अगदी सोपे आहे. सपाट जागी गाडी उभी करून पुढचे एक चाक जॅकने उचलायचे, टायरच्या नक्षीवर ब्रशने पातळ रंग फिरवायचा, खाली जाड पांढरा पुठ्ठा सरकवायचा, जॅक सावकाश खाली सोडायचा आणि गाडीचा भार पूर्ण टेकला की पुन्हा उचलायचा. पुठ्ठ्यावर उमटलेला ठसा म्हणजे त्या चाकाचा जमिनीशी असलेला सगळा संबंध. रिकाम्या पिकअपचे वजन सुमारे दोन टन धरले तर पुढच्या एका चाकावर साधारण ६०० किलो येतात. टायरमध्ये हवा पस्तीस पौंड (पीएसआय) असेल तर ती दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.४६ किलो भार पेलते. ६०० किलो पेलायला तिला सुमारे २४४ चौरस सेंटिमीटर जागा लागते. भार आणि हवा तीच ठेवून टायर रुंद केला तरी लागणारी जागा जवळपास तेवढीच राहते, फक्त तिचा आकार बदलतो. २० सेंटिमीटर रुंद आणि १२ लांब असा जो ठसा होता तो साडेएकवीस रुंद आणि साडेअकराच्याही आत लांब होतो. कणकेचा गोळा तेवढाच असला की पोळी लांबट लाटली काय किंवा आडवी पसरली काय, पोळीचे क्षेत्रफळ वाढत नाही. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, त्यामुळे प्रत्यक्ष ठसा या हिशेबाशी तंतोतंत जुळत नाही, विशेषतः दहा प्लायच्या ताठ टायरमध्ये. तरी कल तोच राहतो. आणि आता त्याच मूळच्या, अरुंद टायरमधली हवा पस्तीसवरून अठरावर आणली तर कागदावर तो ठसा ४७० चौरस सेंटिमीटरच्या पुढे जातो, म्हणजे जवळपास दुप्पट होतो. ताठ भिंतींमुळे प्रत्यक्षात वाढ याहून कमी दिसेल, पण २० मिलिमीटर रुंदीने जे साधत नाही ते हवा सोडल्याने साधते, आणि त्याला खर्च काही नाही.

वाळवंटात हे फार पूर्वी सिद्ध झाले आहे. राल्फ बॅग्नोल्ड हा ब्रिटिश सैन्यातला इंजिनिअर १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून फोर्डच्या साध्या मोटारी घेऊन लिबियन वाळवंटात शिरत असे. तेव्हा अशा गाड्या वाळूच्या समुद्रात टिकणार नाहीत, असाच सर्वसाधारण समज होता. त्याने जे तंत्र बसवले त्यात टायरमधली हवा कमी करणे हा मोठा भाग होता. १९४० साली त्यानेच उभारलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपने हे तंत्र युद्धात वापरले. त्याला शास्त्राचे रूप दिले पोलंडमध्ये जन्मलेल्या मेचिस्वाव्ह बेकरने. मऊ जमिनीवर चाक कसे रुतते आणि त्याला किती जोर लागतो, याची मांडणी करणारा त्याचा ग्रंथ १९५६ साली आला, आणि १९७१ साली अपोलो १५ने चंद्रावर नेलेल्या गाडीच्या चाकांमागेही त्याचे काम होते. त्याच्या मांडणीतला एक धागा आपल्या प्रश्नाला थेट भिडतो. मऊ मातीत चालणाऱ्या चाकाची बरीचशी शक्ती माती दाबून चाकोरी पाडण्यात जाते. चाकोरी जितकी रुंद तितकी जास्त माती दाबावी लागते. म्हणून ठशाचे क्षेत्रफळ सारखे असेल तर लांब आणि अरुंद ठसा आखूड आणि रुंद ठशापेक्षा स्वस्त पडतो. रणगाड्याचे आणि बुलडोझरचे पट्टे रुंदीपेक्षा लांबीला कितीतरी जास्त असतात. पिकअपच्या चाकाला लांब ठसा हवा असेल तर दोनच मार्ग आहेत: व्यास वाढवणे किंवा हवा कमी करणे. रुंदी वाढवली की तो ठसा उलट आखडतो.

आता आपल्या जमिनीकडे येऊ, कारण टायर निवडायचा तो इथल्या वाटांसाठी. दख्खनच्या पठारावरची काळी माती बेसाल्टपासून झाली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. म्हणून उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसात तीच माती चाकाला लगदा होऊन चिकटते. मृगाच्या पहिल्या सरींनंतर वरचे दोन-चार इंच भिजलेले आणि खालची जमीन अजून घट्ट, अशी पाणंद असते, तेव्हा अरुंद टायर तो वरचा थर चिरून खालच्या टणक भागापर्यंत जातो आणि तिथे त्याला पाय रोवता येतो. रुंद टायर वरच्याच थरावर पसरतो आणि घसरतो. श्रावणापर्यंत माती खोलवर भिजते. गोदावरी किंवा तापीच्या खोऱ्यात जिथे हा थर काही मीटर खोल आहे, तिथे खाली टणक असे काही लागतच नाही. अशा ठिकाणी तरंगायला रुंदी उपयोगी पडेल असे वाटते, आणि तत्त्वतः ते खरेही आहे. पण त्याआधीच दुसरी अडचण उभी राहते. या मातीचा लगदा टायरच्या खाचांत बसतो आणि चाक फिरूनही सुटत नाही. दहा-बारा फेऱ्यांत नक्षी दिसेनाशी होते आणि टायर गुळगुळीत लाटण्यासारखा फिरत राहतो. टायर जितका रुंद तितका लगदा जास्त. तो मडगार्डच्या आत साचतो, आणि मूळच्या टायरला आत जी दोन बोटांची मोकळी जागा होती ती रुंद टायरने आधीच खाल्लेली असते. शिवाय आपली पाणंद ही कोरी जमीन नसते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी आणि उसाच्या टायरगाड्यांनी तिच्यात खोल चाकोऱ्या पाडून ठेवलेल्या असतात. अरुंद टायर चाकोरीच्या तळाशी बसून चालतो. रुंद टायर तिच्या दोन्ही काठांना घासत जातो, आणि टायरची सर्वांत नाजूक जागा, म्हणजे बाजूची भिंत, नेमकी तिथेच घासली जाते.

कोकणात आणि गोव्यात माती बदलते, पण निष्कर्ष फारसा बदलत नाही. जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर कठीण पाया असतो आणि वर सुट्या गोट्यांचा थर. अशा थरावर रुंद टायर गोट्यांवरून घरंगळतो आणि अरुंद टायर त्यांना बाजूला सारून पायाला लागतो. राहिली समुद्रकाठची वाळू. ती रुंदीच्या बाजूची सर्वांत भक्कम साक्षीदार आहे, हे मान्य करायला हवे. मात्र तिथेही पहिले काम हवा सोडण्याचे, रुंदीचे काम त्यानंतरचे. आणि वेळास-आंजर्ल्यासारख्या ज्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, तिथे कोणत्याही रुंदीचा टायर नेऊ नये असे मला ठामपणे वाटते. भरतीच्या रेषेवरची ती वाळू गाडीसाठी नाही.

खरे भय मात्र डांबरावर आहे. पिकअप कितीही रानात नेली तरी तिचे बहुतेक किलोमीटर डांबर-काँक्रीटवरच पडतात, आणि वर्षातले चार महिने ते ओले असते. रस्त्यावर पाणी साचलेले असताना वेग वाढला की टायरपुढचे पाणी बाजूला जायला वेळ मिळत नाही. ते टायरखाली शिरते आणि चाक जमीन सोडून पाण्यावर तरंगू लागते. त्या क्षणी स्टिअरिंगही निरुपयोगी आणि ब्रेकही. अमेरिकेच्या नासा संस्थेत वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी विमानांच्या टायरसाठी याचा अभ्यास केला आणि १९६३ साली तो प्रसिद्ध झाला. त्यातून आलेले सूत्र आजही वापरले जाते: तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. किलोमीटरच्या भाषेत मांडले तर हवा पस्तीस असताना तो सुमारे ९८ येतो आणि सव्वीस असताना ८५. पाण्याची खोली टायरच्या खाचांना पेलवत नाही तेव्हाचा हा हिशेब आहे. रानात हवा सोडून तशीच हायवेला लागणाऱ्याने हे दोन आकडे डोक्यात ठेवावेत. पण रुंदीच्या प्रश्नाला महत्त्वाची आहे ती हॉर्नने पुढे १९८४ साली केलेली दुरुस्ती. रिकामे ट्रक त्या सूत्राने सांगितलेल्या वेगाच्या कितीतरी आधी तरंगतात, असे दिसत होते. कारण होते ठशाचा आकार. भार कमी असला की ठसा लांबीला आखडतो पण रुंदीला तेवढाच राहतो, आणि आखूड-रुंद ठसा पाण्यावर लवकर उचलला जातो.

हे पिकअपला जसेच्या तसे लागू पडते, आणि म्हणूनच मला या विषयाची कळकळ आहे. पिकअपची मागची बाजू माल भरण्यासाठी बांधलेली असते. तिचे पाटे, तिचा ॲक्सल, तिचे टायर हे सगळे भरलेल्या हौद्याचा विचार करून ठरते. प्रत्यक्षात खाजगी पिकअपचा हौदा बहुतेक दिवस रिकामा असतो. तेव्हा मागच्या एका चाकावर साधारण ४०० किलो येतात आणि ठसा २० सेंटिमीटर रुंद पण जेमतेम ८ सेंटिमीटर लांब राहतो. तीच गाडी भरून मागच्या चाकावर ९०० किलो आले, तर पस्तीसच्याच हवेत ठसा १८ सेंटिमीटरपर्यंत लांबतो. (भरताना हवा वाढवतात म्हणून प्रत्यक्षात तो इतका लांबत नाही, पण फरक मोठाच असतो.) म्हणजे रिकाम्या पिकअपची मागची चाके मुळातच तरंगायला उतावीळ असतात. त्यांना आणखी रुंद टायर चढवणे म्हणजे आठ सेंटिमीटरचे साडेसात करणे. पुढची चाके जमिनीवर आणि मागची पाण्यावर असली की गाडी मागून फिरते, आणि वळणावर ती सावरायला चालकाच्या हाती फार काही उरत नाही. जुलैतल्या ताम्हिणी घाटात, जिथे कडेची गटारे भरून पाणी रस्त्यावरून आडवे वाहते, तिथे वेग कमी असतो म्हणून आपण बरेचदा वाचतो. घाट उतरून सरळ, मोकळा रस्ता लागला आणि ऐंशी-नव्वदचा वेग धरला की हा हिशेब समोर येतो. ऑल-टेरेन टायर नवा असताना त्याच्या खोल खाचा पाणी बाहेर काढतात हे खरे. पण खाच झिजत झिजत १.६ मिलिमीटरच्या खुणेकडे येते, तेव्हा तो आधार संपतो आणि रुंदी मात्र जशीच्या तशी उरते.

जगभर ज्या गाड्या कच्च्या रस्त्यावर रोजचे काम करतात, त्यांच्या टायरकडे एकदा पाहावे. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप ६.००-१६ मापाच्या बारीक टायरवर चालली. ऑस्ट्रेलियाच्या खाणींपासून आफ्रिकेतल्या मदतकार्यापर्यंत राबणारी टोयोटा लँड क्रूझर ७० मालिका वर्षानुवर्षे ७.५० आर १६ टायरवर धावली. तो टायर उंचीला आजच्या चांगल्या ऑल-टेरेन टायरच्या बरोबरीचा आणि रुंदीला कितीतरी कमी. सुझुकीच्या जिम्नीला कंपनी १९५/८० आर १५ देते, आणि ती छोटी गाडी जिथे जाते तिथे अनेक भारी गाड्या अडकतात. आपल्याकडच्या मालवाहू पिकअपवर दिसणारा ७.०० आर १५ याच घराण्यातला. कांद्याच्या गोण्या भरून पाणंदीतून लासलगावच्या बाजारापर्यंत जाणाऱ्या गाड्यांनी हा उंच-अरुंद टायर टाकून दिलेला नाही. पैशाचा हिशेब हे एक कारण आहेच. पण जिथे एक खेप अडकली की दिवसाचा भाव हातचा जातो, तिथे स्वस्त पण अडकणारा टायर टिकला नसता.

यावर आइसलँडचे उदाहरण हमखास दिले जाते. तिथे ३८, ४४ इंची अवाढव्य टायर लावलेल्या हायलक्स हिमनद्यांवर चालतात, मग रुंदी निरुपयोगी कशी? उदाहरण खरे आहे. पण तिथे बर्फाला तळ नसतो, वेग अगदी कमी असतो आणि टायरमधली हवा तीन-चार पौंडांपर्यंत उतरवलेली असते. ते टायर बसवण्यासाठी चाकांवरचे पत्रे कापलेले असतात, गिअरचे प्रमाण बदललेले असते, सस्पेन्शन नव्याने बांधलेले असते. नुसता टायर रुंद करून तो अनुभव विकत घेता येत नाही. ट्रॅक्टरचे मागचे चाक रुंद असते, हाही आक्षेप येतो. ते रुंद असते तसेच माणसाच्या छातीपर्यंत उंच असते, त्यात हवा पिकअपच्या निम्म्याहून कमी असते आणि ते ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या पुढे क्वचितच जाते. आणि मावळात भातखाचरात चिखलणी करायची वेळ आली की त्याच ट्रॅक्टरला लोखंडी जाळीची चाके चढवतात, कारण तिथे रबराच्या रुंदीचे काही चालत नाही.

त्याहून वजनदार आक्षेप हा की कंपन्या स्वतःच महागड्या प्रकारांना रुंद टायर देतात. देतात, आणि त्यामागे कारण आहे. कोरड्या डांबरावर आखूड-रुंद ठसा वळणात खरोखर चांगला वागतो, स्टिअरिंगला चटकन उत्तर देतो. रबराचे घर्षण शाळेतल्या नियमाप्रमाणे केवळ भारावर ठरत नाही. हवा थोडी कमी ठेवून दर चौरस सेंटिमीटरवरचा भार कमी केला की रबराची पकड थोडी सुधारते. उन्हाळ्यात काँक्रीटच्या रस्त्यावर वेगाने जाणाऱ्याला रुंदीचा फायदा मिळतो, हे मी नाकारत नाही. पण कंपनी जेव्हा रुंदी वाढवते तेव्हा रिम, ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन यांचा मेळ घालून, चाचण्या करून वाढवते. दुकानात वाढवलेल्या रुंदीमागे हा मेळ नसतो. आणि हा फायदा ज्याला हवा त्याला हायवे टायरच हवा. ऑल-टेरेन टायरचे सुटे ठोकळे आणि काप सहन करणारे रबर त्या कामासाठी घडवलेले नसतात.

रुंद टायरवर गाडी घट्ट बसते, घाटात कलंडत नाही, अशीही एक समजूत आहे. गाडीचा तोल ठरतो दोन चाकांमधल्या अंतराच्या निम्म्यावर आणि गुरुत्वमध्याच्या उंचीवर. त्याच रिमवर रुंद टायर चढवला तर चाकांची मध्यरेषा जागची हलत नाही. टायर आत आणि बाहेर दहा-दहा मिलिमीटर फुगतो एवढेच. पण त्याबरोबर वाढलेल्या उंचीने सगळी गाडी २७ मिलिमीटर वर उचलली जाते. चाकांतले अंतर दीड मीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर धरला, तर स्थिरतेचा आकडा १.०७ येतो. टायर बदलल्यावर तो १.०३ होतो. गाडी दिसते दणकट, पण कलंडायला आधीपेक्षा जवळ आलेली असते. बाहेर आलेले रिम लावून हे अंतर वाढवणारे आहेत. त्याची किंमत बेअरिंग आणि स्टिअरिंगचे सांधे भरतात.

दिसण्याचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे. स्वतःच्या कमाईची गाडी देखणी असावी, ती चौकात उभी राहिली की उठून दिसावी, ही इच्छा अगदी रास्त आहे. ज्याला त्यासाठी रुंद टायर हवे आहेत त्याने ते तेवढ्यासाठी घ्यावेत, आणि पावसात दहा किलोमीटरने वेग कमी ठेवावा. माझा विरोध आहे तो देखणेपणाला पकडीचे आणि सुरक्षिततेचे नाव देण्याला, कारण मग माणूस त्या नावावर भरवसा ठेवून वेग वाढवतो.

बाकीचा खर्च थोडक्यात सांगण्यासारखा आहे. मूळचा टायर साधारण १७-१८ किलोचा असतो, दहा प्लायचा २८५/७० आर १७ सुमारे २५ किलोचा. हे जादा वजन परिघावर फिरणारे असते, त्यामुळे प्रत्येक वेळी वेग घेताना इंजिनाला आणि थांबताना ब्रेकला ते जाणवते. उंची ७ टक्क्यांनी वाढली की काट्यावर ८० दिसताना गाडी प्रत्यक्षात साडेपंच्याऐंशीने धावत असते, आणि किलोमीटरही कमी नोंदले जातात. मग मायलेज मोजणाऱ्याला टायरने जेवढे नुकसान केले त्याहून जास्त दिसते. तरी खरे नुकसानही असतेच. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००६ साली काढलेल्या अहवालानुसार टायरच्या फिरण्याला होणाऱ्या विरोधात (रोलिंग रेझिस्टन्समध्ये) १० टक्के फरक पडला की इंधनात १ ते २ टक्के फरक पडतो. कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मूळच्या तपशिलाविरुद्ध बदल करण्यास मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये त्याचा कडक अर्थ लावला. कंपनीने त्या गाडीसाठी मान्य केलेल्या मापांच्या बाहेर गेले, तर अपघातानंतर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते.

मग ऑल-टेरेन टायर घ्यायचा तो कशासाठी? १९७६ साली बीएफ गुडरिचने हलक्या ट्रकसाठी पहिला ऑल-टेरेन रेडियल आणला, तेव्हापासून या टायरचा खरा गुण त्याच्या रुंदीत नाही, बांधणीत आहे. त्याच्या नक्षीचे ठोकळे भिंतीच्या खांद्यापर्यंत उतरलेले असतात, भिंत जाड असते, रबर खडीने सहज तुटत नाही. आपल्याकडच्या बेसाल्टच्या खडीला धार असते. रुंदीकरण चाललेल्या रस्त्यावर रोलर फिरायच्या आधी अंथरलेली खडी पाहिली की हायवे टायरची पातळ भिंत का फाटते ते कळते. एवढ्या एका कारणासाठी मी पिकअपला ऑल-टेरेन टायर सुचवीन. बदल्यात ओल्या डांबरावर ब्रेक थोडा लांब लागेल आणि आवाज वाढेल, तेही सांगीन. माप मूळच्याच रुंदीचे घ्यावे. कंपनीने मान्य केले असेल तर किंचित उंच चालेल. भारांक मूळच्या टायरपेक्षा कमी नसावा. तो भिंतीवर लिहिलेला असतो, ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो. मापाच्या सुरुवातीला एलटी लिहिलेला दहा प्लायचा टायर घेतला तर तोच भार पेलायला त्याला जास्त हवा लागते, हे पंक्चरवाल्याला सांगावे लागते, नाहीतर तो सवयीने जुनाच आकडा भरून देतो. रिकामी आणि भरलेली गाडी यांची हवा वेगळी असते, म्हणून एक चांगला गेज आणि बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर गाडीत कायम असावा. रानात हवा उतरवायची आणि डांबराला लागण्याआधी चढवायची, हे त्याशिवाय जमत नाही.

आणि टायर पाच घ्यावेत. चार नवे ऑल-टेरेन आणि हौद्याखाली टांगलेली जुनी हायवेची स्टेपनी, ही जोडी फोर-व्हीलमध्ये घातक ठरते. एका चाकाचा व्यास वेगळा झाला की डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस सतत एकमेकांशी झगडत राहतात. रुंद-उंच टायर घेणाऱ्याला पाचवा अनेकदा घेताच येत नाही, कारण तो हौद्याखालच्या त्या जागेत मावत नाही आणि मग हौद्यातली निम्मी जागा अडवून बसतो. मूळच्या मापाचा पाचवा टायर आपल्या जागी बसतो. दर आठ-दहा हजार किलोमीटरला त्यालाही फेऱ्यात घेतले तर पाचही सारखे झिजतात, आणि पुढच्या खेपेला पाच टायर एकदमच बदलता येतात.